घोड्यावरचा राजा कुठे गेला?

“बाबा, या घोड्यावर बसणारा माणूस कुठे गेला?”

प्रश्न विचारणारी माझी नऊ वर्षांची मुलगी. स्थळ, मुंबईतला काळा घोडा चौक. वेळ, गेल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतरची एक रविवार सकाळ. आणि उत्तर देण्याची जबाबदारी अर्थात माझी. वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने असा अडचणीचा प्रश्न विचारला, तर ‘पुढच्या तासाला पाहू’ असे म्हणून तो टोलवण्याची कला मला वीस वर्षांच्या नोकरीत चांगली साधली आहे. पण पोटच्या पोरीपुढे ती चालत नाही. तिने माझा हात हलवून पुन्हा विचारले, “सांग ना, कुठे गेला?”

माझ्याआधी माझे वडीलच बोलले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. काठी पुढे टेकून, मान मागे टाकून ते त्या घोड्याकडे पाहत होते. म्हणाले, “मला ठाऊक आहे तो कुठे आहे. लहानपणी मी त्याला इथेच पाहिलाय. चल, आज त्याच्याच घरी जाऊ.”

तेथून आमची जी सहल सुरू झाली, तिची हकीकत सांगायची आहे. पण त्याआधी आम्ही तिघे रविवारची झोप मोडून त्या चौकात का गेलो होतो, तेही सांगितले पाहिजे.

अण्णांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. या दुखण्याची तऱ्हा चमत्कारिक असते. समोरचे दिसते, पण कडेचे हळूहळू मिटत जाते. एखाद्या नळीतून पाहावे, तसे जग दिसू लागते. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले, की गेलेली नजर परत येणार नाही. थेंब नियमाने घातले तर उरलेली राखता येईल. घरी आल्यावर आम्ही सगळे गप्प होतो. अण्णाच म्हणाले, “छत्तीस वर्षं फोर्टात नोकरी केली. तिथं मी बघितलं काय, तर घड्याळ. उशीर झाला की नाही, एवढंच. आता डोळे आहेत तोवर एकदा फोर्ट बघून घेतो.”

हे बोलणे माझ्या मनाला लागले. कारण ते एकट्या अण्णांचे नव्हते. मुंबईत राहणाऱ्या तुम्हां-आम्हां सगळ्यांचे ते आत्मचरित्र आहे. आठ-सातची गाडी, दहा-पाचची कचेरी, परतताना कोपऱ्यावरची भाजी. मान खाली आणि पाय पुढे. ज्या रस्त्याने आपण हजारो वेळा गेलो, त्या रस्त्यावर डोक्याच्या वर काय आहे, असे कोणी विचारले तर बहुतेकांना ‘तारा’ एवढेच उत्तर सुचेल.

म्हणून त्या रविवारी आम्ही निघालो. मुलीची एक अट होती: राणीच्या बागेतले पेंग्विन दाखवले पाहिजेत. ती मान्य करण्यात आली. मेगाब्लॉक होता, तेव्हा ठाण्याहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. पण घाई नसलेल्या माणसाला मेगाब्लॉकसुद्धा कसा गोड लागतो, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले.

स्टेशनाबाहेर आल्यावर अण्णांनी मागे वळून इमारतीकडे पाहिले. 1888 साली पुरी झालेली ही इमारत. 2004 साली तिचा जागतिक वारशात समावेश झाला, तेव्हा वर्तमानपत्रांत तिची छायाचित्रे आली होती आणि आपण ती चहा पिता पिता पाहिलीही होती. पण दगडांत कोरलेली ती पाने, फुले, पक्षी आणि प्राणी जे. जे. कलाशाळेत शिकणाऱ्या आपल्याच मुलांच्या हातचे आहेत, हे किती जणांच्या ध्यानात असते? अण्णांना आता कडेचे दिसत नाही. त्यामुळे एकेक आकृती पाहण्यासाठी त्यांना मान नेमकी त्या बाजूला वळवावी लागत होती. दगडाच्या एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंत ती मान सावकाश फिरत होती. मी मात्र एका दृष्टिक्षेपात सगळे ‘पाहून’ मोकळा झालो होतो. आमच्या दोघांत चांगली नजर कोणाची, असा प्रश्न तिथेच मला पडला.

मोठ्या टपाल कचेरीपाशी एक दगडी पाणपोई आहे. देवीदास प्रभुदास कोठारी यांनी ती 1923 साली, आपल्या लीलावती नावाच्या दिवंगत मुलीच्या स्मरणार्थ बांधली. फोर्टातच थोडे पुढे रतनसी मुळजी जेठा यांचे कारंजे आहे. ते 1894 सालचे, आणि तेही गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी. या दोन तारखा मी घरूनच टिपून नेल्या होत्या. शिक्षकी सवय! पण त्या मोठ्याने वाचून दाखवताना माझा आवाज मलाच जरा वेगळा वाटला. हातात मुलीचा हात होता.

पोटचे मूल गेल्यावर माणूस काय करील? रडेल, देवाला दोष देईल, दार लावून बसेल. या माणसांनी काय केले? भर रस्त्यावर, जिथे हमाल आणि पाटीवाले उन्हातान्हात ये-जा करीत, तिथे पाण्याची सोय केली, आणि ती सोय ओबडधोबड न ठेवता कसबी हातांकडून सुंदर करवून घेतली. तहानलेल्या माणसाला पाणी मिळाले तरी पुरे असते. नक्षी नसती तरी त्याने तक्रार केली नसती. पण पाटीवाल्यानेही पाणी पिताना काही सुंदर पाहावे, असे त्या बापांना वाटले असले पाहिजे. रस्त्यावरच्या कलेची याहून चांगली व्याख्या मला कोणत्याही ग्रंथात सापडली नाही.

पुढे बाटल्या आल्या आणि शहरातल्या अनेक पाणपोया कोरड्या पडल्या. कुठे त्यांच्यावर फळकुटे ठोकून दुकाने लागली, कुठे त्यांच्या कठड्यांवर गाठोडी आली. अलीकडच्या वर्षांत काहींची डागडुजी होऊन त्यांना पुन्हा पाणी आले, ही समाधानाची गोष्ट. पण एक धडा मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. वापर संपला की नजर उठते, आणि नजर उठली की दगडही अनाथ होतात.

दादाभाई नौरोजी मार्गाने आम्ही हुतात्मा चौकात आलो. तिथे दोन काळ शेजारी शेजारी उभे आहेत. एक आहे 1864 सालचे फ्लोरा फाउंटन. पोर्टलंडचा दगड विलायतेहून आणून घडवलेली, फुलांच्या रोमन देवतेची ही मूर्ती जेम्स फॉरसाइथ या शिल्पकाराची. मधली बरीच वर्षे ती रंगाच्या थरांखाली गुदमरली होती; ते थर उतरवून, फुटलेले सांधून 2019 साली कारंजे पुन्हा सुरू झाले. आणि तिच्या शेजारी हातात मशाल उंच धरलेले आपले शेतकरी आणि कामगार, म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचे स्मारक. 21 नोव्हेंबर 1955 रोजी याच परिसरात गोळीबार झाला. माझे आजोबा तेव्हा फोर्टातच कारकून होते. त्या रात्री ते गिरगावात चालत घरी आले आणि न जेवता झोपले, एवढेच अण्णांना आठवते. अण्णांनी स्मारकासमोर काठी काखेत धरून हात जोडले. मग फ्लोराकडे वळून म्हणाले, “ही बाई परकी खरी, पण इतकी वर्षं आपल्या उन्हापावसात उभी आहे. तिला आता परकी कशी म्हणायची?”

तेथून विद्यापीठाच्या बाजूने जाताना राजाबाई टॉवर दिसतो. याच्या ग्रंथालयात मी एम. ए.च्या दिवसांत अनेक दुपारी घालवल्या आहेत. त्या मनोऱ्याचे बांधकाम 1878 साली पुरे झाले. त्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले, ते त्याला आपल्या आईचे नाव द्यावे या अटीवर. हे मला माहीत होते. आराखडा काढणारे सर गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलेच नाहीत, हेही माहीत होते. पण त्या मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांच्या चोवीस मूर्ती आहेत, आणि त्या रावबहादूर मुकुंद रामचंद्र नावाच्या एका एतद्देशीय इंजिनियराने घडवल्या, हे मला ग्रंथालय सोडल्यानंतर कितीतरी वर्षांनी, एका पुस्तकातून कळले! म्हणजे मी आत बसून समाजजीवनावरची टिपणे काढीत होतो आणि तो समाज माझ्या डोक्यावर पगड्या-पागोटी घालून उभा होता. विद्वत्तेची एवढी गंमत मी दुसरीकडे पाहिली नाही.

असाच प्रकार क्रॉफर्ड मार्केटचा, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईचा. 1869 सालच्या त्या इमारतीच्या दारावर शेतात राबणाऱ्या माणसांचे देखावे कोरले आहेत. ते जे. जे. कलाशाळेतल्या लॉकवुड किपलिंग यांचे काम. अण्णा दर मे महिन्यात तिथून आंब्याची पेटी आणीत. मी विचारले, “दारावरची चित्रं कधी पाहिलीत का?” ते म्हणाले, “दार कोणी बघायचं? भाव बघायचा!”

आणि मग आला काळा घोडा, आणि मुलीचा तो प्रश्न.

गोष्ट अशी. 1875-76 साली इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड राजा, हिंदुस्थानात येऊन गेला. त्याची आठवण म्हणून आल्बर्ट ससून या धनिकाने जोसेफ एडगर बोम या शिल्पकाराकडून त्याचा अश्वारूढ पुतळा करवून घेतला आणि तो 1879 साली या चौकात उभा राहिला. ब्राँझचा तो पुतळा काळा दिसे. मुंबईच्या लोकांनी त्याकडे पाहिले आणि एका शब्दात निकाल दिला: ‘काळा घोडा’. ज्याच्यासाठी एवढा खर्च, एवढा समारंभ, तो युवराज बाजूला राहिला आणि नाव मिळाले त्याच्या वाहनाला! त्यात त्या काळच्या मुंबईकरांचा बंडखोरपणा होता, असा दावा मी करणार नाही. कदाचित घोडा त्यांना ओळखीचा वाटला असेल आणि राजा नसेल.

पुढे स्वातंत्र्य आले. जुन्या राज्यकर्त्यांचे पुतळे हलवावेत अशी मागणी झाली आणि 1965 साली घोड्यासकट राजाची चौकातून उचलबांगडी झाली. आता खरी मौज पाहा. चौकात घोडा नाही, राजा नाही, चौथरा नाही. पण नाव मात्र तसेच! अण्णा सांगतात, “आमच्या बसचा कंडक्टर रोज ओरडायचा, ‘काळा घोडा, काळा घोडा’, आणि माणसं उतरायचीसुद्धा. कोणी विचारलं नाही, की घोडा कुठाय म्हणून.” 1999 पासून तिथे दरवर्षी कलामहोत्सव भरू लागला, तोही त्या नसलेल्या घोड्याच्याच नावाने. अखेर 2017 च्या जानेवारीत तिथे नवा घोडा उभा राहिला. वास्तुरचनाकार अल्फाज मिलर यांची कल्पना आणि श्रीहरी भोसले यांचे शिल्प. या घोड्यावर स्वार नाही. बावन्न वर्षे जो घोडा केवळ लोकांच्या जिभेवर जगला, तो पुन्हा धातूत उतरला. आणि लोकांनी ज्याला कधी नाव दिलेच नव्हते, तो राजा उतरला नाही.

एवढे सगळे मी मुलीला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे राजा हरवलाच नाही. त्याला घरी पाठवलं.” अण्णा म्हणाले, “घरी नाही गं. भायखळ्याला.”

भायखळ्याला जाताना गाडीत मुलगी खिडकीशी बसली होती. रुळांकडेच्या भिंतींवर कुठे कुठे रंगवलेली चित्रे दिसत. “ही चित्रं पुसून जातील का?” तिने विचारले. जातील, मी म्हटले. 2009 सालच्या ऑगस्टमध्ये तुळशी पाइप रस्त्याच्या लांबलचक भिंतीवर शेकडो नागरिकांनी एकत्र येऊन चित्रे काढली होती. त्यांत चित्रकार होते तसेच ब्रश पहिल्यांदाच हातात धरणारेही होते. मी तिथून जाताना मुद्दाम रेंगाळून ती पाहिली होती. काही पावसाळ्यांनी त्यांचा रंग उडाला, काहींवर जाहिराती चिकटल्या. 2014 साली रणजित दहिया या चित्रकाराने वांद्र्याला टेलिफोन कचेरीच्या उंच इमारतीवर दादासाहेब फाळके यांचे अवाढव्य चित्र काढले. हिंदी सिनेमाचे रंगीत जग या शहराने घडवले. त्याच्या मूळ पुरुषाला भिंतीएवढा झालेला पाहून मला फार बरे वाटले होते. मी मुलीला म्हटले, “रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसतेच ना? म्हणून आई ती काढायची थांबते का?” हे उत्तर तिला पटलेले दिसले.

राणीच्या बागेत आधी पेंग्विन झाले. करार म्हणजे करार! मग आम्ही डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला आलो. तिथे, झाडांच्या सोबतीत, तो होता. तोच घोडा आणि पाठीवर तोच राजा.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. जवळ गेले, मागे आले, मान डावी-उजवीकडे करून त्यांनी तो तुकड्यातुकड्यांनी पाहिला. शेवटी म्हणाले, “मी तुझ्या आजोबांचं बोट धरून याच्याखाली उभा राहिलो होतो. मला वाटलं होतं, याचं डोकं ढगाला लागलंय. तुझे आजोबा म्हणाले होते, ‘घाबरू नकोस, त्याचं राज्य गेलं.’ आणि तरी मी घाबरलो होतो.” मग स्वतःशीच हसून म्हणाले, “केवढासा झालाय!”

राजा तेवढाच होता. भोवतालचे जग मोठे झाले होते, आणि बोट धरणारा मुलगा म्हातारा झाला होता.

संग्रहालयाच्या आवारातच आणखी एक दगडी प्राणी आहे, तो आम्हांला न शोधता सापडला. घारापुरीचा हत्ती. त्या बेटावरचा हा हत्ती पाहून पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ असे नाव दिले. 1864 साली इंग्रजांनी तो विलायतेला नेण्याचा घाट घातला, पण उचलताना तो फुटला. तुकडे इथे आणले गेले आणि 1914 साली ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. म्हणजे पाहा, एका बेटाला नाव देणारा हत्ती आणि एका चौकाला नाव देणारा घोडा, दोघेही आपापल्या जागेवरून उठून भायखळ्याच्या एकाच आवारात येऊन राहिले आहेत. त्यांची नावे मात्र मूळ ठिकाणीच राहिली.

मुलगी घोड्याभोवती एक फेरी मारून आली. तिच्या चेहऱ्यावर कोडे होते. “आजोबा, राजाचा घोडा तर इथे आहे. मग तिकडचा घोडा कोणाचा?”

अण्णांनी क्षणभर विचार केला. “तिकडचा? तो आपला.”

परतीच्या गाडीत आजोबा आणि नात एकमेकांच्या खांद्यावर डोके टेकून झोपी गेले. मी जागा होतो. पुतळे उभारायचे कोणाचे आणि काढायचे कोणाचे, याबद्दल भांडणे खूप होतात, आणि व्हावीतही. चौक सर्वांचा आहे. पण उभारणाऱ्याने पाटीवर काहीही कोरले, तरी पुढे त्याचे काय करायचे ते येणारा-जाणारा ठरवतो. त्याने पाहिले तर ते जगते. त्याने नाव दिले तर ते जागेवरून हलवल्यावरही उरते. त्याने पाहणेच सोडले, तर ते चौथऱ्यावर असूनही नसल्यासारखे. संग्रहालयात आपण तिकीट काढून पाहायला जातो. रस्त्यावरची कला फुकट आहे. म्हणूनच तिची किंमत आपण सर्वांत उशिरा, बहुधा नजर अधू झाल्यावर, मोजतो.

सोमवारी मी वर्गात विद्यार्थ्यांना विचारले, “घरापासून कॉलेजपर्यंतच्या रस्त्यावर डोक्याच्या वर असलेली एक कोरीव किंवा रंगवलेली गोष्ट सांगा.” साठ मुलांत चार हात वर आले. मी हसलो नाही. महिन्यापूर्वी मला कोणी विचारले असते, तर माझा हातही खालीच राहिला असता.

त्यानंतर दिवाळी आली. आमच्या इमारतीच्या आवारात मुलांनी दरवर्षीप्रमाणे किल्ला केला. माती, गोणपाट, दगड, वर पेरलेले अळीव. सिंहासनावर महाराज, तटावर मावळे, दरवाज्यात पहारेकरी. सगळे रीतीप्रमाणे. फक्त पायथ्याच्या रस्त्यावर माझ्या मुलीने स्वतः मातीचा केलेला एक काळा घोडा उभा होता. पाय जरा वाकडे, शेपूट जाड, आणि पाठ रिकामी. शेजारच्या मुलाने तिला विचारले, “अगं, यावर माणूस बसवायचा राहिला की!”

“राहिला नाही,” ती म्हणाली, “मुद्दाम नाही बसवला. ज्याला हवं त्याने बसावं.”

अण्णांनी खुर्ची मागवली, किल्ल्याच्या अगदी पुढ्यात ठेवून घेतली, आणि पणत्या लागेपर्यंत ते तिथेच पाहत बसले.